चाकांवरचें बिऱ्हाड आणि बुलढाण्याचे दोन मजले

वऱ्हाडचा नकाशा पाहिला म्हणजे बुलढाणा जिल्हा हें एक सलग क्षेत्र दिसतें. पण गाडी घेऊन त्यांतून हिंडणारास तें दुमजली घर आहे असें लवकरच कळून येतें. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या कांठानें पसरलेली काळ्या मातीची सपाटी हा खालचा मजला. जुने लोक त्याला पायनघाट म्हणत. दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग चढून गेल्यावर लागणारें पठार हा वरचा मजला, तो बालाघाट. खालीं मलकापूर, नांदुरा, शेगांव, खामगांव. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. कापूस आणि आगगाडी खालच्या मजल्यावर. येथल्या कापसासाठींच जलंबपासून खामगांवापर्यंत आगगाडीचा फांटा १८७० सालीं सुरू झाला. कचेऱ्या मात्र वरच्या मजल्यावर गेल्या, कारण तेथली हवा साहेब लोकांस मानवली. या दोन मजल्यांमधले जिने म्हणजे घाट. आणि जुन्या गाडीची खरी परीक्षा जिना चढतांना होते त्याहून अधिक तो उतरतांना होते.

आमची ही यात्रा २०२३ सालच्या मार्गशीर्षांत झाली. ती मोटारीनें झाली एवढेंच म्हणणें पुरेसें नाहीं. कारण ज्या गाडींतून आम्ही सहा माणसें चार दिवस हिंडलों, तिच्यांतच चहा झाला, तिच्यांतच आत्याबाईंची नित्याची पूजा झाली, आणि रात्रीं बायकामुलें तिच्यांतच निजलीं. पुरुषमंडळींस बाहेर राहुटी होती. अशा गाडीला इंग्रजींत मोटारहोम म्हणतात. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही आपली म्हण; तिच्यावरून आमच्या घरीं या गाडीचें नांवच ‘बिऱ्हाड’ असें पडून गेलें आहे.

गाडी मूळची मॅटाडोर. मॅटाडोर म्हटली म्हणजे कोणाहि मध्यमवयी महाराष्ट्रीयाच्या डोळ्यांपुढें लग्नाचें वऱ्हाड, शाळेची सहल किंवा भाजीच्या पाट्या उभ्या राहतात. पुण्याच्या बजाज टेंपो कारखान्यानें, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सनें, ती वर्षानुवर्षें बनविली. ‘टेंपो’ हें नांव मूळ जर्मनींतल्या हँबुर्गच्या विडाल कंपनीचें; तें आपल्या भाषेंत इतकें मुरलें आहे कीं, मालाची कोणतीहि लहान मोटार खेड्यांत टेंपोच ठरते. आमच्या काकांनीं ही गाडी १९९६ सालीं घेतली, मागलीं आसनें काढून दोन बाकें, एक ओटा व एक कपाट सुताराकडून बसवून घेतलें, आणि तो बदल रीतसर नोंदणीपुस्तकांत लिहवून घेतला. शेगांवाकडील शेतावर जाणें, पंढरपूर, नाशिक, सर्व तिच्यांतून झालें. २०१६ सालीं काका निवर्तले आणि गाडी खामगांवच्या वाड्यामागें निंबाखालीं उभी राहिली ती उभीच राहिली.

भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला, तेव्हां घरांत दोन तट पडले. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, गांवोगांवीं आतां राहण्याची सोय झाली आहे, आणि जुन्या लोखंडावर पैसा घालणें म्हणजे तो विहिरींत टाकणें. हें म्हणणें खोटें नव्हतें. दुसऱ्या पक्षांत प्रथम एकट्या आत्याबाई होत्या. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. पाठीच्या दुखण्यामुळें तासाभराहून अधिक बसवत नाहीं, आडवें व्हावें लागतें. परक्या ठिकाणच्या मोरीची त्यांना धास्ती वाटते. त्यामुळें घराबाहेर पडणें जवळजवळ संपलेंच होतें. लहानपणीं त्या लोणारला दमणींतून गेल्या होत्या आणि तें सरोवर पुनः एकदां पाहावें अशी त्यांची इच्छा होती. त्या एवढेंच म्हणाल्या, “अरे, बैल म्हातारा झाला म्हणून तुमच्या आजोबांनीं कधीं त्याला बाजार दाखविला नाहीं. आणि ही तर नुसती उभी राहून गंजली आहे.”

शेवटीं असें ठरलें कीं, एक वर्षाची मुदत घ्यावी, खर्चाची मर्यादा आधींच वहीत लिहावी, आणि जें आपल्या हातांनीं होण्यासारखें आहे तें घरींच करावें. झाळकाम आणि ब्रेक हीं दोन कामें मात्र मिस्त्र्याकडे. तींहि घरचा एक माणूस शेजारीं उभा राहून. आमच्या मतें हौसेच्या कामांत ही सीमा आधींच आंखलेली बरी. रंग चुकला तर डोळ्यांस खुपतो. ब्रेक चुकला तर घाटांत कळतें.

गंज बाहेर दिसूं लागतो तेव्हां तो आंतून येऊन पोंचलेला असतो. दाराच्या तळाशीं पावसाचें पाणी निघून जाण्यासाठीं बारीक भोंकें ठेवलेलीं असतात. निंबाचा पाला आणि धूळ यांनीं तीं बुजलीं कीं पाणी दारांतच साठतें आणि पत्रा आंतल्या आंत कुजतो. तीच गत चासीच्या पोकळ दांड्यांची. चाकांनीं उडालेली काळी माती त्यांत जाऊन बसते, आणि ही माती ओल किती दिवस धरून ठेवते हें कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांत कोणास सांगणें नलगे. एका दांड्यांतून आम्हीं दोन घमेलीं माती काढली. फुगलेल्या रंगावर लांबी भरून वर रंगाचा हात मारणें हा बाजारांतला सोपा उपाय. तो विकावयाच्या गाडीस शोभतो. ज्या गाडींत आपलींच मुलें निजावयाचीं तिचा कुजका पत्रा निरोगी लोखंड लागेपर्यंत कापावा, नवा तुकडा झाळून बसवावा, आणि उघडें पडलेलें लोखंड त्याच दिवशीं लाल प्रायमरखालीं झांकावें. झाळण्यापूर्वीं बॅटरीच्या तारा सोडाव्या व डिझेलची टाकी उतरवून दूर ठेवावी, हें मिस्त्री सांगेलच. न सांगेल तर मिस्त्री बदलावा.

छप्पर गळत होतें. त्याचा शोध वहिनींनीं लावला, आणि तो गच्चीच्या अनुभवावरून. पाणी आंत जेथें ठिबकतें तेथेंच तें शिरलेलें असतें असें नाहीं, हें त्यांना ठाऊक होतें. त्यांनीं मुलांस नळी घेऊन खालून वर, एकेका सांध्यावर दहा दहा मिनिटें पाणी सोडावयास लाविलें आणि आपण आंत दिवा घेऊन बसल्या. दिव्याजवळ ठिबकणारें पाणी पार पुढच्या कांचेच्या वरच्या रबरांतून शिरत होतें व पत्र्याच्या आंतून हातभर चालून येत होतें. सगळें छप्पर डांबरानें माखण्याची तयारी चालली होती ती जागच्या जागीं थांबली. छताच्या पत्र्याखालीं उष्णतारोधक थर आणि बाहेरून पांढरा रंग, एवढें मात्र केलें. पूर्णाकांठच्या उन्हाळ्यांत पत्र्याखालीं निजणें म्हणजे काय हें ज्यानें भोगलें असेल त्यास त्याचें कारण विचारावें लागणार नाहीं.

आतां पाण्याविषयीं, कारण हा भाग आमच्या जिल्ह्याचा खास आहे. पूर्णेच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून एक खारपाणपट्टा गेला आहे. तेथलें विहिरीचें पाणी खारट व जड. माणसांनीं त्या पाण्याचें दुःख पिढ्यानुपिढ्या सोसलें आहे, पण इंजिनासहि तें सोसावें लागतें याचा विचार कोणी फारसा करीत नाहीं. शेतावर गेलें कीं रेडिएटरमध्यें तेथल्याच विहिरीची बादली रिकामी होई. पाणी तापून उडून जातें, क्षार मागें राहतात, आणि नळ्यांच्या आंत पांढरा थर चढत जातो. मग चढणीवर गाडी तापते व लोक इंजिनास दोष देतात. रेडिएटर उघडला तेव्हां त्यांतून निघालेली चुनखडी पाहून वहिनी म्हणाल्या कीं, हें आमच्या बंबांतलेंच आहे. नळ्यांतून सळ्या घालून तो साफ करविला, आणि तेव्हांपासून त्यांत शुद्ध पाणी व कूलंट यांखेरीज कांहीं पडत नाहीं. गाडी धुण्यासहि पावसाचें सांठविलेलें पाणीच वापरतों.

टायरांची गोष्ट थोडक्यांत सांगतों. टायरच्या कुशीवर शेवटीं चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आमच्या टायरांवर ०८१५ असें होतें, म्हणजे २०१५ सालचा आठवा आठवडा. नक्षी नव्यासारखी खोल, पण कुशीस बारीक भेगा. रबर चालण्यानें झिजतें तसें नुसतें उभें राहूनहि म्हातारें होतें. पांचहि टायर बदलले, स्टेपनीसुद्धां. खर्चाच्या वहींत सर्वांत मोठा आंकडा हाच, आणि त्यावरून घरांत पुनः एकदां दोन तट पडले होते.

कायद्याची बाजूहि राहून चालत नाहीं. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढें दर पांच वर्षांनीं गाडी दाखवून, योग्यतेची परीक्षा देऊन ती वाढवून घ्यावी लागते, आणि आपल्या राज्यांत जुन्या गाडीवर पर्यावरण कर द्यावा लागतो. आमची मुदत २०२१ सालींच संपली होती. दिवे, भोंगा, धूर, ब्रेक सर्व तपासून एम. एच. २८ हा आमच्या जिल्ह्याचा क्रमांक गाडीवर कायम राहिला, त्या दिवशीं भंगाराचा पक्ष निकालांत निघाला.

खामगांवाहून आम्ही निघालों तें चिखलीच्या वाटेनें. चढणीवर रेडिएटरचा कांटा मधल्या रेघेच्या वर गेला नाहीं. धाकटे बंधु, जे भंगाराच्या पक्षाचे पुढारी होते, तेच गाडी चालवीत होते आणि दर पांच मिनिटांनीं तो कांटा मोठ्यानें वाचून दाखवीत होते. पठारावर आल्यावर हवा पालटली. तुरीचीं शेतें पिवळीं झालीं होतीं. आत्याबाई बाकावर आडव्या होत्या, पण खिडकीची कड अशी उतरवून घेतली होती कीं, निजल्या निजल्या रस्ता दिसावा. ही कल्पना त्यांचीच, आणि साऱ्या दुरुस्तींत हिच्याइतकी स्वस्त व सुखाची दुसरी गोष्ट झाली नाहीं.

पहिला मुक्काम मेहकरास. पैनगंगेच्या कांठचें हें गांव शारंगधर बालाजीच्या मूर्तीसाठीं प्रसिद्ध आहे. ती १८८८ सालीं जमिनींतून निघाली. दर्शन घेऊन आम्हीं येथें टाकींत पिण्याचें पाणी भरून घेतलें, कारण पुढें लोणार. टाकी शंभर लिटरांची; म्हणजे भरली कीं गाडींत शंभर किलो वजन वाढलें. ती पूर्वीं मागच्या कपाटावर होती. ती आम्हीं खालीं, दोन्ही आंसांच्या मध्यें आणली आहे, आणि वळणावर गाडी पूर्वीं जशी कलल्यासारखी वाटे तशी आतां वाटत नाहीं.

लोणारचें सरोवर अशनीच्या आघातानें काळ्या पाषाणांत झालेलें विवर आहे, हें आतां शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक असतें. पाऊण कोसाहून कांहींसें कमी रुंद, तोंडाशीं सुमारें १.८ किलोमीटर; आणि तळाशीं क्षाराचें पाणी. त्या क्षाराचा पूर्वीं साबण व कांच करण्याकडे उपयोग होई. जून २०२० मध्यें हें पाणी गुलाबी झालें होतें. मिठांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें तो रंग आला असें शास्त्रज्ञांनीं तपासून सांगितलें, आणि त्याच वर्षीं हें स्थळ रामसर यादींत गेलें. खालीं उतरणें आत्याबाईंस शक्यच नव्हतें. गांवांतलें दैत्यसूदनाचें मंदिर त्यांनीं हळूहळू फिरून पाहिलें, आणि संध्याकाळीं विवराच्या कांठीं गाडीचें मागचें दार उघडून, पाठीशीं लोड घेऊन त्या दोन तास बसून राहिल्या. फारसें बोलल्या नाहींत. एकदां म्हणाल्या, “दमणीला येथवर यायला तीन दिवस लागले होते. वाटेंत आंसाला वंगण घालायला आजोबा दोनदां उतरले होते.” आणखी थोड्या वेळानें, “ते आंसाखालीं हात घालून बघत. तुम्हीहि बघत जा.” त्या रात्रीं आम्हीं चारी चाकांच्या तुंब्यांस हात लावून पाहिला. तो आतां रोजचा परिपाठ झाला आहे: गाडी थांबली कीं प्रत्येक चाकाचा मध्य हातानें चांचपावा. एकच चाक इतरांहून अधिक तापलें असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक कांहीं सांगत आहे असें समजावें.

लोणारहून सिंदखेडराजास जातांना समृद्धि महामार्गाची रेघ दिसत राहते. त्या रस्त्यानें आम्ही गेलों नाहीं. ताशीं पन्नासांत सुखी असलेल्या गाडीनें तेथें जाऊन इतरांची वाट अडवूं नये. पण त्या रस्त्यानें आमच्या गाडीच्या रचनेंत एक बदल करविला आहे, तो सांगितला पाहिजे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर याच तालुक्यांत पिंपळखुट्याजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी जळून गेले. बस दाराच्या अंगावर कलंडली होती, त्यामुळें दाराची वाट बंद झाली. जे वांचले त्यांतले कित्येक कांच फोडून निघाले. ही बातमी आली तेव्हां आमची गाडी वाड्यांत अर्धी उघडी होती. तिला एकच सरकतें दार डाव्या अंगास, आणि मागचें दार काकांनीं कपाट बसवून कायमचें बंद केलेलें. दुसऱ्याच दिवशीं कपाट निघालें. मागचें दार आंतून एका हाताच्या झटक्यानें उघडेल असें केलें, उजवीकडची खिडकी बाहेर ढकलतां येईल अशी बसविली, तिच्याशेजारीं हातोडी टांगली, आणि मुलांकडून डोळे बांधून बाहेर पडण्याचा सराव करून घेतला. कपाटांत मावणारीं भांडीं आतां घरींच राहतात. गॅसचें लहान सिलिंडरहि आंतून काढून बाहेरून उघडणाऱ्या खणांत नेलें. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड, तो तळाशीं बसतो, म्हणून त्या खणाच्या तळालाच भोंकें आहेत, आणि तीं पाल्यानें बुजत नाहींत ना हें पाहण्याचें काम धाकट्या पुतण्याकडे आहे. आग विझविण्याचें नळकांडें दाराशेजारीं आहे. ओट्याशेजारीं नाहीं, कारण आग लागली तर ती ओट्याशींच लागणार.

सिंदखेडराजास लखुजी जाधवांचा वाडा पाहिला. १५९८ सालीं जिजाबाईंचा जन्म येथला. पुतळा बारव व मोती तलाव पाहतांना आमचे बंधु त्या दगडी बांधकामांतल्या पाण्याच्या वाटाच न्याहाळीत होते. पाणी कोठून येतें आणि कोठें जातें हें पाहण्याची खोड वर्षभर दारें उघडून बसल्यामुळें लागली असावी. तिसरी रात्र तेथें काढून देऊळगांवराजा, चिखली करीत चौथ्या दिवशीं दुपारीं बुलढाण्यास पोंचलों.

आतां राजूर घाट. बुलढाण्याहून मोताळा-मलकापूरकडे उतरणारा हा जिना, आणि ज्यासाठीं वर्षभर जीव टांगणीला लागला होता तो हाच. सहा वर्षें उभ्या राहिलेल्या गाडींत ब्रेकचीं रबरें मैल न चालतांहि आटतात. ब्रेक ऑईल हवेंतली ओल शोषून घेतें. ओल शिरली कीं तें लवकर उकळतें, आणि लांब उतारावर ब्रेक तापून त्याची वाफ झाली तर पाय खालीं जातो व गाडी थांबत नाहीं. जुनें तेल काळ्या चहासारखें निघालें होतें. चाकांतलीं रबरें, लवचिक नळ्या, लायनर सर्व नवीन घालून, तेल पालटून, एकेका चाकाची हवा काढली होती. पेडल दाबण्याचें काम वहिनींचें आणि नळी पाहण्याचें आमचें. तरी उतारावर भरंवसा ब्रेकवर ठेवावयाचा नसतो. ज्या गिअरांत चढलों असतों त्याच गिअरांत उतरावयाचें, वेग इंजिनानें धरावयाचा, आणि ब्रेक थोडा दाबून पूर्ण सोडावयाचा. पाय सतत ठेवून घासत न्यावयाचा नाहीं.

बंधूंनीं घाटाच्या माथ्यावरच दुसरा गिअर टाकला. मागें एस.टी. आणि ट्रकांची रांग लागली, भोंगे वाजूं लागले. त्यांनीं जागा मिळतांच तीनदां बाजूला घेऊन रांग पुढें जाऊं दिली, पण गिअर बदलला नाहीं. गाडींत कोणी बोललें नाहीं. आत्याबाई निजल्या असाव्यात असें वाटलें, पण त्यांचे डोळे उघडे होते व हातांत जपमाळ होती. खालीं सपाटी दिसूं लागली, मग कापसाच्या गाड्या, मग मोताळ्याची वाट. पहिल्या मोकळ्या जागीं थांबून आम्हीं तुंबे चांचपले: चारी सारखे कोमट. पेडल जेथें सकाळीं होतें तेथेंच, घट्ट. बंधु उतरले, त्यांनीं एका टायरला पायानें हलकेंच ठोकरलें, आणि चहा ठेवा म्हणाले.

मलकापूराहून नांदुऱ्यावरून परततांना १०५ फुटी मारुति अंधारांत दिव्यांनीं उजळलेला दिसला. मुलें त्यासाठीं जागीं राहिलीं होतीं. खर्चाची वही दुसऱ्या दिवशीं पुरी झाली. ठरल्या मर्यादेच्या वर गेलों, तो सर्व वाढावा टायरांचा. वहीच्या शेवटच्या पानावर बंधूंनीं आपल्या हातानें पुढल्या कामांची नोंद केली आहे: मागच्या दाराची बिजागरी कुरकुरते, आत्याबाईंच्या बाकास उशाकडे दोन बोटें उंची हवी, आणि दोन वर्षांनीं, मार्गशीर्षांतच, ब्रेक ऑईल पुनः पालटावयाचें.